खळाळत्या नदीचा हिशेब : प्रवाहमापन आणि सिंचनाचे नियोजन

डोंगराळ नदीत कयाक घेऊन उतरणारा नाविक आणि त्याच नदीच्या कालव्यावर शेती करणारा शेतकरी यांचा एकमेकांशी सहसा परिचय नसतो. तरीही दोघांचा दिवस एकाच प्रश्नाने सुरू होतो : आज नदीला पाणी किती? ठरावीक विसर्गापेक्षा कमी पाणी असेल तर नाविकाची होडी खडकांवर घासते. त्याहून बरेच अधिक असेल तर कालचा सुखरूप मार्ग आज जीवघेणा ठरतो. शेतकऱ्याची पाणीपाळी, पिकाची निवड आणि पुढील हंगामाचे कर्ज या साऱ्या गोष्टी त्याच आकड्याशी बांधलेल्या असतात. या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या शास्त्राला प्रवाहमापन म्हणतात. अमेरिकेत तर ज्या माणसाने कोलोरॅडो नदीच्या अज्ञात खळाळांतून होड्या नेल्या, त्याच्याच नेतृत्वाखाली पुढे सिंचनासाठीचे प्रवाहमापन उभे राहिले. त्या मोजमापाचा योग्य उपयोग न केल्याची किंमत मात्र तेथील शेतकरी आजही मोजत आहेत.

खळाळ कशाने निर्माण होतो?

नदीच्या कोणत्याही ठिकाणचा विसर्ग म्हणजे प्रवाहाच्या काटछेदाचे क्षेत्रफळ आणि पाण्याचा सरासरी वेग यांचा गुणाकार. दरम्यान कोठे पाणी मिळाले वा निघाले नाही, तर वरच्या आणि खालच्या ठिकाणी हा गुणाकार सारखाच राहतो. म्हणून पात्र अरुंद झाले की वेग वाढतो. पात्र अरुंद, उतार तीव्र आणि तळाशी मोठे दगड अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की खळाळ तयार होतो. राफ्टिंगच्या व्यवसायात त्याला रॅपिड म्हणतात. दगडावरून वेगाने उतरलेले पाणी खालच्या संथ पाण्यावर आदळते, उसळून मागे वळते आणि हवा आपल्यात ओढून घेते. हवेच्या असंख्य बुडबुड्यांवरून प्रकाश विखुरतो, म्हणून ते पांढरे दिसते. हवा मिसळलेले पाणी वजनाला हलके असल्याने त्यात माणूस वा होडी नेहमीइतकी तरंगत नाही, आणि मागे वळणारी धार अडकलेल्या वस्तूला सहजी सोडत नाही. मोठ्या दगडाच्या आडोशाला मात्र पाणी उलट दिशेने संथपणे फिरते. कुशल कयाकपटू याच उलट्या धारेत थांबून दम घेतो आणि पुढची वाट न्याहाळतो.

कोलोरॅडोच्या ग्रँड कॅन्यनमधील खळाळांची एक गोष्ट मृद्‌संधारणाचे काम करणाऱ्यांना ओळखीची वाटेल. तेथील बहुतेक रॅपिड बाजूचे ओढे मुख्य नदीला मिळतात त्या ठिकाणी आहेत. अतिवृष्टीत हे ओढे दगडधोंड्यांचा लोंढा आणतात, आपल्या मुखाशी पंख्यासारखा ढीग रचतात आणि पात्र एका बाजूने आवळतात. क्रिस्टल नावाचा आज धास्ती वाटावी असा रॅपिड १९६६ सालच्या डिसेंबरमधील अशाच एका लोंढ्याने विक्राळ बनला. तत्पूर्वी तो साधा होता. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे जलशास्त्रज्ञ लुना लिओपोल्ड यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की, या कॅन्यनमधील नदीचा निम्मा उतार तिच्या लांबीच्या अवघ्या ९ टक्के भागात साठलेला आहे. उरलेली नदी म्हणजे एकापुढे एक मांडलेले डोह. आपल्याकडील नाल्याच्या मुखाशी साचलेला गोट्यांचा ढीग पाहिला, तर हेच चित्र लहान प्रमाणात दिसेल.

एका हाताचा नाविक आणि एम्बुडोची छावणी

जॉन वेस्ली पॉवेल हे भूवैज्ञानिक. अमेरिकन यादवी युद्धात १८६२ मध्ये शायलोच्या लढाईत त्यांनी उजवा हात गमावला. २४ मे १८६९ रोजी चार लाकडी होड्या आणि नऊ सहकारी घेऊन ते वायोमिंगमधील ग्रीन नदीतून निघाले. पुढचा सुमारे १,६०० किलोमीटरचा जलमार्ग नकाशावर जवळजवळ कोराच होता. सुमारे दोन आठवड्यांनी एक होडी खडकावर फुटली. सहकाऱ्यांनी जिवावर उदार होऊन तिच्या अवशेषांतून हवेचा दाब मोजणारी उपकरणे परत आणली. (सोबत व्हिस्कीचे एक लहान पिंपही आणले, असे नोंदलेले आहे; त्यांच्या उत्साहाचे खरे कारण कोणते, हे वाचकांनी ठरवावे.) या उपकरणांवरून उंची काढता येई आणि उंचीवरून नदीचा उतार. एक जण वाटेतच परतला, तिघे २८ ऑगस्टला पुढील रॅपिड पाहून काठ चढून गेले आणि मारले गेले. ऑगस्टअखेर व्हर्जिन नदीच्या संगमाशी पोहोचले ते सहा जण.

या प्रवासाने पॉवेल यांना प्रसिद्धी दिली, परंतु त्यांच्या मनात घर केले ते त्या प्रदेशाच्या कोरडेपणाने. १८७८ मध्ये त्यांनी शुष्क प्रदेशातील जमिनींविषयी सरकारला अहवाल सादर केला. पश्चिमेकडील बहुतांश जमीन सिंचनाशिवाय पिकणार नाही आणि उपलब्ध पाणी त्या जमिनीच्या थोड्याच भागाला पुरेल, हे त्याचे सार. १८८१ मध्ये ते भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे संचालक झाले आणि १८८८ मध्ये त्यांच्याकडे सिंचन सर्वेक्षणाचे काम आले. धरण कोठे बांधावे हे सांगण्यापूर्वी नदीत पाणी किती हे कळले पाहिजे, आणि ते मोजणारी माणसे तर देशात नव्हती. तेव्हा १८८८ च्या डिसेंबरमध्ये न्यू मेक्सिकोतील एम्बुडो येथे, रिओ ग्रांदे नदीकाठी, त्यांनी तरुण अभियंत्यांची प्रशिक्षण छावणी उभारली. तिचे प्रमुख होते २६ वर्षांचे फ्रेडरिक न्यूवेल. जानेवारी १८८९ मध्ये तेथे सुरू झालेले जलमापन केंद्र त्या विभागाचे पहिले केंद्र मानले जाते. न्यूवेल पुढे १९०२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सिंचन सेवेचे प्रमुख झाले.

१८९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत पॉवेल यांनी स्पष्ट सांगितले की, या प्रदेशातील साऱ्या जमिनीला पुरेल एवढे पाणी नद्यांत नाही. जमीन विकू पाहणाऱ्या आणि वसाहती वसवू पाहणाऱ्या श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. पुढच्याच वर्षी त्यांनी संचालकपद सोडले.

पट्टी, प्रवाहमापक आणि आलेख

एम्बुडोला ज्या पद्धती पारखल्या गेल्या, त्यांचा गाभा आजही तोच आहे. नदीचा विसर्ग रोज प्रत्यक्ष मोजणे परवडत नाही. पाण्याची पातळी मात्र काठावरील आकड्यांच्या पट्टीवर कोणालाही वाचता येते. म्हणून वर्षातून काही वेळा, पाणी कमी, मध्यम आणि भरपूर असताना, प्रत्यक्ष विसर्ग मोजतात आणि त्या वेळची पातळी लिहून ठेवतात. या जोड्या आलेखावर मांडल्या की पातळी आणि विसर्ग यांचा संबंध दाखवणारी वक्ररेषा मिळते. मग केवळ पातळी वाचून विसर्ग सांगता येतो.

प्रत्यक्ष मोजणीसाठी पात्राची रुंदी अनेक उभ्या पट्ट्यांत विभागतात. प्रत्येक पट्टीची खोली मोजतात आणि फिरत्या वाट्यांच्या प्रवाहमापकाने वेग पाहतात. तळाशी घर्षणामुळे पाणी मंद असते, पृष्ठाजवळ वेगवान. उथळ पाण्यात पृष्ठापासून खोलीच्या ०.६ पट अंतरावरचा वेग सरासरी वेगाच्या जवळ असतो. खोल पाण्यात ०.२ आणि ०.८ पट अंतरावरील वेगांची सरासरी घेतात. पट्ट्यापट्ट्यांचे विसर्ग बेरजेस घेतले की नदीचा विसर्ग मिळतो.

येथे खळाळाचे आणि मापनाचे एक सुंदर नाते दिसते. खळाळात मापन करणे व्यर्थ, कारण तेथे वेगाला ना एक दिशा असते, ना स्थिर मूल्य. परंतु खळाळाच्या लगेच वरच्या डोहात पट्टी रोवणे उत्तम. खालचा दगडी उंबरा पक्का असेल तर डोहातील पातळी त्या उंबऱ्यावरून जाणाऱ्या पाण्यानुसारच वर-खाली होते. नाविक उंबऱ्यावरून उडी घेतो, जलमापक त्याच्या वर उभा राहतो. दोघेही वाचतात तो एकच दगड. उंबरा वाळूचा असेल किंवा पुराने सरकला असेल, तर जुना आलेख निरुपयोगी होतो आणि मोजण्या पुन्हा कराव्या लागतात.

वीस वर्षांची नोंद आणि शंभर वर्षांचा करार

नोव्हेंबर १९२२ मध्ये अमेरिकेतील सात राज्यांच्या प्रतिनिधींनी कोलोरॅडोच्या पाण्याचा करार केला. वरच्या आणि खालच्या खोऱ्याला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट, म्हणजे आपल्या मापात प्रत्येकी सुमारे ३२७ टीएमसी, पाणी देण्याचे ठरले. पुढे १९४४ च्या तहाने मेक्सिकोला आणखी १५ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे ६५ टीएमसी, देण्याचे वचन दिले गेले. अशा रीतीने वाटप सुमारे ७१८ टीएमसीवर गेले.

हे आकडे ठरवताना हाताशी होत्या त्या जेमतेम दोन दशकांच्या नोंदी. ती दोन दशके नेमकी ओली होती. शिवाय दोन्ही खोऱ्यांच्या सीमेजवळील लीज फेरी येथील मापन केंद्र १९२१ मध्येच सुरू झाले होते. पुढे शास्त्रज्ञांनी जुन्या वृक्षांच्या वाढीची वलये तपासून, म्हणजे ओल्या वर्षी जाड आणि कोरड्या वर्षी पातळ वलय पडते या तत्त्वावर, कित्येक शतकांचा प्रवाह अंदाजला. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात दीर्घकालीन सरासरी सुमारे १३५ लाख एकर-फूट, म्हणजे ५८८ टीएमसी, आली. वाटलेल्या पाण्यापेक्षा ती १३० टीएमसीने कमी आहे.

दोष केवळ नोंदींच्या अपुरेपणाला देऊन चालणार नाही. सर्वेक्षण विभागाचेच अभियंते ई. सी. लारू यांनी त्याच काळात नदीचा प्रवाह एवढा भरवशाचा नाही असे बजावले होते. प्रत्येक राज्याला मोठा वाटा हवा होता आणि मोठा आकडा सर्वांनाच सोयीचा होता. प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासातील खरी शिकवण येथेच आहे : आकडे थोडे असले की माणूस त्यांतून स्वतःला हवा तो अर्थ काढतो, आणि तसे करताना आपण अप्रामाणिक आहोत असे त्याला वाटतही नाही.

एकविसाव्या शतकात कोरडी वर्षे लागोपाठ आली. मीड जलाशय इतका खाली गेला की ऑगस्ट २०२१ मध्ये इतिहासात प्रथमच अधिकृत टंचाई घोषित झाली. २०२२ साठी ॲरिझोनाच्या वाट्यातून सुमारे १८ टक्के पाणी कापले गेले. त्याचा मुख्य भार मध्य ॲरिझोनातील, कापूस आणि लसूणघास पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवर पडला, कारण प्राधान्यक्रमात त्यांचा हक्क तळाशी होता. कित्येकांनी जमिनी पडीक ठेवल्या.

कृष्णेचे उदाहरण

आपल्याकडील कृष्णा पाणीवाटपाशी याची तुलना उद्बोधक आहे. न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील लवादाने १८९४-९५ ते १९७१-७२ अशा ७८ वर्षांच्या प्रवाहाची मालिका विचारात घेतली. त्यांनी सरासरी नव्हे, तर ७५ टक्के विश्वासार्हतेचा आकडा आधाराला घेतला : २,०६० टीएमसी. (ओघात लक्षात येईल की जगभर गाजलेली कोलोरॅडो पाण्याच्या दृष्टीने कृष्णेच्या तिसऱ्या हिश्श्याचीही नाही.) महाराष्ट्राचा ५६०, कर्नाटकाचा ७०० आणि तत्कालीन आंध्र प्रदेशाचा ८०० टीएमसी हा वाटा त्यातूनच आला. त्या निवाड्याविषयी तिन्ही राज्यांचे आक्षेप सर्वश्रुत आहेत. मात्र आधाराचा आकडा निवडण्याची ही रीत कोलोरॅडोपेक्षा निश्चितच सावध होती.

७५ टक्के विश्वासार्हता म्हणजे दर चार वर्षांपैकी तीन वर्षे मिळेल किंवा ओलांडला जाईल असा प्रवाह. वीस वर्षांच्या नोंदी मोठ्यापासून लहानाकडे उतरत्या क्रमाने लिहिल्या, तर पंधराव्या क्रमांकाचा आकडा ढोबळमानाने तोच. सरासरी एका-दोन महापुरांच्या वर्षांनी फुगते; हा आकडा तसा फुगत नाही. गावच्या बंधाऱ्यावर किती क्षेत्रात उन्हाळी पीक घ्यावे हे ठरवताना सरासरीऐवजी हाच आकडा वापरावा. फळबागेसारख्या बारमाही पिकासाठी तर त्याहूनही कडक, ९० टक्क्यांच्या आसपासची कसोटी योग्य ठरते. एक कोरडे वर्ष ज्वारीचे एक पीक नेते, परंतु संत्र्याची झाडे वाळली तर ती पुन्हा फळावर यायला कित्येक वर्षे जातात.

धरणाखालची नदी

धरण झाले की नदीचे पाणी पावसापेक्षा दरवाज्यांच्या आणि टर्बाइनच्या वेळापत्रकाने वाहू लागते. १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरणाने कोलोरॅडो अडवल्यानंतर ग्रँड कॅन्यनमध्ये विजेच्या मागणीप्रमाणे दिवसातून भरती-ओहोटीसारखे पाणी चढू-उतरू लागले. त्याने काठावरील वाळूची धूप झाली आणि १९९० च्या दशकात या चढउतारांवर मर्यादा घालाव्या लागल्या. मोठे पूर थांबल्याने ओढ्यांनी आणलेले दगड वाहून जाणेही थांबले, म्हणजे खळाळ अधिक खडतर होण्याची प्रवृत्ती वाढली.

महाराष्ट्रात याचे घरचे उदाहरण म्हणजे रायगड जिल्ह्यातील कुंडलिका. मुळशी धरणात अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून भिऱ्याच्या वीजगृहात उतरते आणि वीजनिर्मितीनंतर कुंडलिकेत येते. कोलाडचे राफ्टिंग याच सोडलेल्या पाण्यावर चालते, म्हणूनच ते कोरड्या ऋतूतही शक्य होते. पुढे डोलवहाळ येथील बंधाऱ्यावर हेच पाणी कालव्यांत वळते आणि भातशेतीला मिळते. वीजगृह, राफ्ट आणि भातखाचर एकाच पाण्याचे तीन धनी आहेत. अशा नदीवर दिवसातून एकदाच घेतलेली नोंद फसवी ठरते. सकाळी आठला पाणी गुडघाभर असेल आणि अकराला कमरेच्या वर. मापनासाठी उतरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे : धरणाखालच्या पात्रात विसर्गाचे वेळापत्रक विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये, आणि वाहते पाणी गुडघ्याच्या वर असल्यास कोठेही उतरू नये. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो.

आपला ओढा मोजण्याची सोपी रीत

केंद्रीय जल आयोग आणि राज्यांच्या जलविज्ञान यंत्रणा मोठ्या नद्या मोजतात. गावच्या ओढ्याची नोंद बहुधा कोणाकडेच नसते; ती गावानेच ठेवावी लागते. साधने फारशी लागत नाहीत.

ओढ्याचा सरळ, सारख्या रुंदीचा, झाडाझुडपांचा अडथळा नसलेला टप्पा निवडावा आणि दोन्ही टोकांना दोऱ्या बांधून १० मीटर अंतर आखावे. पाण्यात अर्धवट बुडून तरंगणारी वस्तू वरच्या दोरीच्या थोडी वर, प्रवाहाच्या मध्यभागी सोडावी. संत्रे यासाठी उत्तम. वाळके पान वाऱ्याने भरकटते. दोन दोऱ्यांमधील वेळ निदान पाच वेळा मोजून सरासरी काढावी. समजा ती २० सेकंद आली. म्हणजे पृष्ठावरील वेग सेकंदाला ०.५ मीटर. पृष्ठाचे पाणी सरासरीपेक्षा वेगाने वाहते म्हणून त्यास ०.८ ने गुणावे : ०.४ मीटर. उथळ, दगडगोट्यांच्या ओढ्यात हा गुणांक आणखी कमी धरावा. पात्राची रुंदी २ मीटर आणि चार-पाच ठिकाणी मोजलेल्या खोलीची सरासरी ०.३ मीटर असेल, तर काटछेद ०.६ चौरस मीटर. विसर्ग झाला सेकंदाला ०.२४ घनमीटर, अर्थात २४० लिटर किंवा सुमारे साडेआठ क्युसेक. दिवसभरात सुमारे २०,७०० घनमीटर. हेक्टरी ५ सेंटिमीटरच्या पाळीला ५०० घनमीटर लागतात, त्यामुळे वहनातील गळती वजा न करता हे पाणी रोज ४१ हेक्टरला पुरेल. गळती धरल्यावर किती उरते, हे ज्याच्या त्याच्या पाटाच्या स्थितीवर अवलंबून राहील.

प्रवाह अगदी बारीक असेल तर तरंगत्या वस्तूची रीत कामास येत नाही. तेथे पत्र्यात ९० अंशांची व्ही-आकाराची खाच कापून तो पाटात आडवा बसवावा आणि खाचेच्या टोकापासून वरची पाण्याची उंची मोजावी. मोजणी पत्र्यापासून थोडी मागे, पाणी संथ आहे तेथे घ्यावी. उंची १० सेंटिमीटर असेल तर विसर्ग सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, २० सेंटिमीटर असेल तर सुमारे २५ लिटर. उंची दुप्पट, विसर्ग साडेपाच पटींहून अधिक! पट्टीवर वितभर वाढलेले पाणी पाहून अनुभवी कयाकपटू होडी बाजूला का ठेवतो, याचेही उत्तर याच गणितात आहे.

नोंदवहीत तारीख, वेळ, पातळी, मोजलेला विसर्ग आणि मोजणाऱ्याचे नाव असावे. पट्टी हलली, बदलली किंवा गाळाखाली गेली तर तेही लिहावे. पावसाळ्यात पुराच्या वेळी पाण्यात न उतरता केवळ पातळी वाचावी, आणि पूर ओसरल्यावर झाडांना अडकलेल्या कचऱ्यावरून सर्वोच्च पातळीची खूण करून ठेवावी. ओढा आटल्यावर बहुतेक वह्या बंद होतात, तसे करू नये. ज्या दिवशी पाणी थांबले त्या दिवशी शून्य लिहावे आणि प्रवाह पुन्हा सुरू होईपर्यंत दर आठवड्याला शून्य लिहीत राहावे. विश्वासार्हतेचा क्रम लावताना रिकामी जागा आणि शून्य यांचा अर्थ सारखा होत नाही.